येथे टॅटू काढून मिळेल

दाजी, तुमच्या जाण्याने एका पर्वाचा अस्त झाला.

हे वाक्य माझं नाही. रावेतच्या चौकात तुमचा जो फ्लेक्स लागलाय, त्यावर ते आहे. खाली हात उंचावलेला तुमचा फोटो आणि त्याखाली लाल अक्षरांत नाव : 'भावी नगरसेवक कै. दत्ताभाऊ'. फ्लेक्सवाल्याने वाढदिवसाची जुनीच फाइल उघडली असणार. 'शुभेच्छा'च्या जागी 'श्रद्धांजली' टाकलं, नावाआधी 'कै.' चिकटवलं आणि चहा प्यायला गेला. 'भावी' काढायचं राहिलं. तुम्ही दोनदा उभे राहिलात, दोनदा पडलात आणि मधल्या काळात प्रत्येक चौकात भावी होता. आता गेल्यावरही तुमचं भविष्य शिल्लक आहे हे बघून मला काही आश्चर्य वाटलं नाही.

काल तुमचा दहावा झाला. सगळे तुमच्याविषयी चांगलंच बोलताहेत, तेव्हा एकाने वेगळं बोललं तर बिघडणार नाही. तुम्ही मला आवडत नव्हतात. हे तुम्हाला माहीत होतं, आणि मला ते माहीत होतं हेही तुम्हाला माहीत होतं. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून तुम्हाला दाजी म्हणावं लागे, आणि दाजी म्हटलं की मागोमाग 'तुम्ही' येतंच. मनातल्या मनात मी तुम्हाला पुष्कळदा अरे-तुरे केलंय, तेही फार मोकळ्या शब्दांत. तोंडातून मात्र कायम 'या दाजी, बसा दाजी'. आताही बघा, शिव्या घालायला बसलोय आणि क्रियापदं आदरार्थी येताहेत.

तुमच्या लेखी आम्ही बाहेरचे. आमचे वडील, आबा, बीडकडून कंपनीत लागायला आले, मी पिंपरीतच जन्मलो, इथेच शिकलो, चाकणला नोकरीला लागलो, केस इथेच पांढरे झाले. तरी तुम्ही मला हाक मारायचात ती 'पाव्हणं'. बायकोच्या भावाला पाव्हणं म्हणतातच, त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही तो शब्द असा उच्चारायचात की माझी परतीची गाडी किती वाजता आहे, हे विचारताय असं वाटायचं.

"ही जमीन आमची, ही नदी आमची," तुम्ही म्हणायचात. "तुमी नळाचं पिनारी मान्सं. तुमाला काय कळनार पवनेचं."

"जमीन तुमची होती, दाजी. ती तुम्ही बिल्डरला दिली. त्याने टॉवर बांधले आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर तुम्ही राहता. आता तुम्हीही नळाचंच पिता."

"पाव्हणं, तोंड लई चालतं तुमचं."

आपल्या वादात तुमचं शेवटचं वाक्य नेहमी हेच असायचं. त्याला उत्तर म्हणता येत नाही, म्हणून मी वाद चालू आहे असंच धरत आलो. अजूनही धरतो.

मी क्वालिटीत आहे. ब्रेकचे पार्ट हातात घेऊन त्यात चरा, तडा, खड्डा आहे का ते बघायचं आणि असेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला टाकायचं, याचा मला पगार मिळतो. तुम्हाला हे कळलं त्या दिवसापासून तुम्ही माझं नाव 'रिजेक्शन' ठेवलंत. "आलं का रिजेक्शन? बसा. आज कुनाला लाल चिट्टी?" भर पंगतीत. लोक हसायचे. मीही हसायचो, आणि मनात तुमच्या कपाळाला एक चिठ्ठी लावायचो.

चिठ्ठी लावण्यासारखं कारण होतं. ताई लग्नाआधी थेरगावच्या बालवाडीत शिकवायची. लग्नानंतर तुम्ही ते बंद केलंत. "आमच्या घरातल्या बाया दुसऱ्याची पोरं सांबाळाया जात न्हाईत." पुढे तुम्हाला मूल झालं नाही. मग तर घरात सांभाळायला कुणीच नव्हतं, तरी तुम्ही तिला परत जाऊ दिलं नाहीत. त्या वाक्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून करणारही नाही. मृत्यू म्हणजे माझ्या मते रीवर्क नव्हे, की लाल चिठ्ठीचा पार्ट दुरुस्त होऊन पास व्हावा.

आता मुद्द्यावर येतो. परवा, तुमच्या नवव्या दिवशी, मी पिंपरी कॅम्पातल्या टॅटूच्या दुकानात होतो. तुमच्यामुळे.

तुमच्या बंधूंना, विलासरावांना, तुमच्या अस्थी लगेच सोडायच्या नव्हत्या. लोकांना दर्शन घेऊ द्यायचं होतं. त्यामुळे आठवडाभर तुम्ही झेंडू लावलेल्या टेम्पोतून फिरत होता, मागे स्पीकर, पुढे दोन बुलेट. थेट दहाव्याला घाटावर विसर्जन, असं ठरलं. त्यात एक भर पडली. तुमच्या पोरांनी, म्हणजे तुमच्या गाडीमागे फिरणाऱ्या त्या तिशी उलटलेल्या पोरांनी, दंडावर तुमचा टॅटू काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हात वर करायचे. वरून ड्रोन. विलासरावांनी मला हे सांगताना स्वतःचा हात वर करून दाखवला.

आणि ताईने? ताईने तुमचा चेहरा हातावर काढून घ्यायचा, मोबाईलवर लाइव्ह. कारण प्रभागातली जागा या वेळी महिलांसाठी आहे.

"वैनी उभ्या ऱ्हानार," विलासराव म्हणाले. "घरोघर जाऊन हात जोडायचा, हातावर भाऊ. बोलायची गरजच न्हाई."

मला वाटलं, बोलायची गरज न्हाई हा भाग तुम्हाला फार आवडला असता. तुम्ही तिला वीस वर्षं बोलू दिलं नाहीत. आता तुमच्या माघारी तुमचा भाऊ तिच्या हातावर तुमचं तोंड बसवून तीच व्यवस्था पुढे चालू ठेवणार होता.

मी ताईला म्हणालो, नको म्हण. ती खिडकीजवळ बसली होती. म्हणाली, "मी त्यांना सांगितलंय, टॅटू काढायला येते म्हणून."

"ताई, तुला कळतंय का ते काय करताहेत?"

"येते म्हणाले ना. तू सोबत ये."

तुमच्या थोरल्या आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "सुतकात बाईमानसानं भाईर जायाचं आन् आंगावर काडायचं? कुठं आसतं का आसं?" विलासराव म्हणाले, "आत्ये, भाऊंसाठीच हाय ना ते." तुमच्या घरात 'भाऊंसाठी' म्हटलं की सुतकसुद्धा बाजूला सरकतं.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे, खाली मोबाईलची कव्हरं विकणारा. तुम्हाला जिना आठवत असेल. लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही ताईला इथेच आणलं होतंत. तुम्हाला तिच्या मनगटावर स्वतःचं नाव पाहिजे होतं, 'दत्ताभाऊ', शेजारी गुलाब. तिने कारागिराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तुम्ही फोनवरचं बोलणं संपवून आत येईपर्यंत मनगटावर दोनच अक्षरं उमटली होती : अहो.

तुम्ही घरी येईपर्यंत धुसफुसत होता. मी त्या दिवशी तुमच्याकडेच होतो म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"अहो म्हंजे कुनीबी आसतं. दूधवाल्याला बी अहोच म्हन्तीस तू."

"दूधवाल्याला मी 'अहो दूधवाले' म्हणते."

"मग?"

"मग काही नाही. नुसतं अहो तुम्हालाच."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पेपरात डोकं घातलं. तुमच्यावर मात झाल्याचे जे थोडे प्रसंग मी पाहिले, त्यातला हा माझा सर्वात आवडता.

तर, तोच जिना. वर बोर्ड आहे : 'येथे टॅटू काढून मिळेल'. आत दोन कारागीर. रॉकी नावाचा एक, कानात बाळी, गळ्यापर्यंत गोंदलेला. स्नेहल त्याला 'रोह्या' म्हणत होती, त्यावरून खरं नाव रोहिदास असावं. ही स्नेहल दुसरी कारागीर, काळे हातमोजे घातलेली, बारीक चणीची, बोलायला तिखट. भिंतीवर वाघ, शंकर, महाराज, आणि आईचं नाव सतरा तऱ्हांनी. माणसाला कातडीवर काय कायमचं ठेवावंसं वाटतं याचा तो कॅटलॉग होता. नगरसेवक त्यात नव्हता, भावी किंवा झालेला.

पोरं आधी बसली. बंट्या, तुमचा पट्टशिष्य, दंड उघडा करून खुर्चीत रेलला.

"भाऊंचा चेहरा, आनि खाली 'भावी नगरसेवक दत्ताभाऊ'."

रॉकीने कागदावर लिहायला घेतलं आणि थांबला. "दादा, भाऊ वारले ना?"

"व्हय."

"मग भावी कसं?"

बंट्याने विलासरावांकडे बघितलं. विलासराव म्हणाले, "माजी लिही."

"माजी म्हंजे आधी होते का?"

"न्हाई."

"मग माजी कसं?"

तुमच्या राजकीय कारकिर्दीचं इतकं नेमकं मूल्यमापन मी आजवर ऐकलेलं नाही. मी भिंतीवरच्या वाघाकडे बघत राहिलो.

"'भावी'चा 'भाऊ' करा," स्नेहल सुईत शाई भरता भरता म्हणाली. "वी काढायचा, ऊ घालायचा, पुढचं सोडून द्यायचं. सोप्पंय."

अशा प्रकारे तुमचं भावीपण संपलं, दाजी. मतदारांनी नाही, स्नेहलने संपवलं.

मग फोटो. बंट्याने मोबाईलमधून फ्लेक्सवरचा काढून दिला. रॉकीने तो मोठा केला, बारीक केला, खिडकीपाशी नेला, आणि स्नेहलला बोलावलं. दोघांनी डोकं लावून बघितलं.

"दादा, दुसरा द्या. ह्यात नाक कुठून काढू? सावलीच नाय."

"सावली कशाला पायजे? गोरे दिसत्यात की मस्त."

"गोरे दिसतात, पण चेहरा नाय दिसत. टॅटूत गोरं काय नसतं राव, आपल्याकडं फक्त काळं. काळं कुठं मारायचं ते फोटोनं सांगायला पायजे."

स्नेहल म्हणाली, "फोटो आहे का गिलावा?"

पोरांनी आपापले मोबाईल काढले. दुसरा फोटो, तिसरा, दहीहंडीतला, शिबिरातला, गाडीवर बसलेला. सगळ्यांत तुम्ही तसेच, घोटून घोटून गुळगुळीत केलेले, गालाला खड्डा नाही, डोळ्याखाली पिशवी नाही, हनुवटीवरचा तो लहानपणीचा व्रणही नाही. तुमच्यामागे वर्षानुवर्षं फिरलेल्या इतक्या माणसांपैकी कुणाकडेही तुमचा चेहरा नव्हता. सर्वांकडे फ्लेक्स होता.

माझ्याकडे होता.

आबांना पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचा. माझी फर्स्ट शिफ्ट, ताई डबा करून दुपारी यायची, मधला सगळा वेळ तुम्ही. कुणी सांगितलं नव्हतं. कांजी केलेला पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, आणि सिस्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांवर दरडावणं, "पेशंट आपला हाय, लक्ष ठेवा." मला त्याचीही लाज वाटायची. एका दुपारी मी शिफ्ट संपवून आलो तर वऱ्हांड्यातल्या बाकावर तुम्ही बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं. खिडकीचं ऊन अर्ध्या चेहऱ्यावर. आणि मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आबांच्या कवळीची स्टीलची डबी.

मी फोटो काढला. हेतू अजिबात चांगला नव्हता. पुढच्या वेळी तुम्ही पंगतीत 'रिजेक्शन' म्हणालात की तो सगळ्यांना दाखवायचा होता. इतक्यात ताई डबा घेऊन आली. तुम्हाला बघून थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "अहो."

"ओ," तुम्ही म्हणालात. डोळे मिटलेलेच. आणि डबी पुढे केलीत. "आबांना जेवताना लागंल."

तुम्ही झोपेतच होता, दाजी. जागे असता तर एवढं बरं वागला नसता.

तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. पंगती झाल्या, 'रिजेक्शन' झालं, मोबाईल खिशातच राहिला. दुकानात तो पुन्हा खिशात जड झाला. त्यात सावली होती, व्रण होता, नाक होतं. रॉकीला पाहिजे ते सगळं. दिला असता तर तुम्ही निदान तुमच्यासारखे दिसला असता. पण चेहरा मिळाला की तो ताईच्याही हातावर जाणार हे कळत होतं. तो नाही, तोवर तिचा हात वाचलेला. मी तिच्याकडे बघितलं. तिला तो फोटो माहीत होता. काढताना ती समोरच उभी होती. तिने मान हलवली, इतकी थोडी की बाकी कुणाला कळलं नाही. नको.

शेवटी विलासरावांनी पाकीट काढलं. त्यात तुमचं आधार कार्ड होतं, मृत्यूच्या दाखल्यासाठी आणलेलं.

रॉकी म्हणाला, "हा बारीक आहे. पण माणूस आहे यात."

बरोबर होतं. आधार केंद्राच्या माणसावर तुमचं काही चाललं नव्हतं. चष्मा काढा, हलू नका, हसू नका, हे त्याने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. त्यामुळे विलासराव आणि बंट्या यांच्या दंडावर तुम्ही आता आधारवरचे आहात, भिंतीला पाठ लावलेले, कुणीतरी ओरडल्यासारखे. बाकीच्यांना वेळेअभावी नुसतं 'भाऊ' मिळालं. दिवसाला दोनच चेहरे होतात, रॉकी म्हणाला, तिसरा घाईत केला तर दुसऱ्याच कुणाचा होतो.

"तिसरा व्हनार," विलासराव म्हणाले. "वैनींचा राहिलाय. बंट्या, लाइव्ह चालू कर."

ताई उठली. खुर्चीत बसली, बाही सारली, मनगट पुढे केलं. बंट्याने ताज्या गोंदलेल्या हाताने मोबाईल धरला. मी उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. काय करणार होतो, मला माहीत नव्हतं.

रॉकीने अक्षरं ओळखली. "ताई, हे मीच काढलंय."

"हो."

मग त्याने तो प्रश्न विचारला. तो दिवसातून दहादा विचारत असणार, कारण आमच्यासमोरच त्याने फोनवर दोघांना विचारला होता. मराठीत हा धंदा करायचा तर विचारावाच लागतो.

"काढायचाय," हवेत पेन फिरवल्यासारखं करून, "की काढायचाय?" आणि अंगठ्याने स्वतःच्या मनगटावर घासून दाखवलं.

ताईने अंगठा उचलला आणि घासून दाखवलं.

विलासरावांना कळायला वेळ लागला. ती सगळ्यांना 'टॅटू काढायला येते' म्हणाली होती. खोटं काही बोलली नव्हती. तुमच्या घरात वीस वर्षं काढल्यावर बाईला खरं बोलून फसवता येतं, एवढं ती शिकली होती.

"वैनी, आवं लाइव्ह चालूय!"

"मग सगळ्यांना कळलं," ताई म्हणाली. बंट्याने मोबाईल खाली केला.

"पन का?"

ती मनगटाकडेच बघत होती. "हाक मारली तर 'ओ' म्हणणारा गेला. आता ही हाक हातावर घेऊन फिरू कशाला?"

दाजी, इथे मी तुमच्याविषयीचा राग जरा वेळ बाजूला ठेवला. लगेच परत उचलला, पण ठेवला होता हे नोंदवतो.

रॉकी अवघडला. "ताई, सॉरी. आमच्याकडं काढत नाय. लेझर लागतं, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. आम्ही फक्त काढतो."

"बोर्डावर काढून मिळेल लिहिलंय."

"तेच ना. रोज भांडणं होतात. मालकाला किती वेळा म्हटलं."

"गोंदून मिळेल लिही म्हणून मी सांगून थकले," स्नेहल म्हणाली. "तर म्हणतो, ते गावंढळ वाटतं."

विलासराव एव्हाना सावरले होते. माणूस तुमचाच भाऊ, वाट बंद दिसली की बाजूने शिरणार. "निघत न्हाई ना? मग झाकता येतंय ना? त्याच्यावरच भाऊंचा चेहरा बसवा. काळं खाली जाईल. अहो काय, अहो म्हंजे कुनीबी आसतं!"

तुमचंच वाक्य, दाजी, तुमच्याच सुरात. मला वाटलं तुम्ही दारात उभे आहात. ताईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने पटकन वर बघितलं, दाराकडे. तिथे कुणी नव्हतं. ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

"दूधवाल्याला मी 'अहो दूधवाले' म्हणते, भावजी," ती म्हणाली. "नुसतं अहो त्यांनाच." आणि रॉकीला म्हणाली, "राहू दे. झाकू नको नि घासू नको." तिने बाही खाली घेतली.

"वैनी, आनि चेहरा?"

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि माझ्या खिशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"आवं पन प्रभाग? उमेदवारी? लोक काय म्हनतील, बायकोच्या हातावर भाऊ न्हाईत?"

"लोकांना सांगा, तेरावा झाला की मी थेरगावच्या बालवाडीत असते. काम असेल त्यांनी तिकडे यावं. पोरं झोपतात दुपारी, हळू बोलावं लागेल."

ते तिने केव्हा ठरवलं, कुणाशी बोलली, मला माहीत नाही. तुमच्या सात-आठ दिवसांच्या गर्दीत तिने फोन करायला वेळ काढला होता. काढला म्हणजे कुठल्या अर्थाने, हे मी विचारलं नाही.

निघताना रॉकीने सगळ्यांच्या दंडाला पारदर्शक पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, डब्यातल्या भाजीला गुंडाळतात तसं. आणि सूचना दिल्या. साबण नको, ऊन नको, खाजवायचं नाही.

"आणि पाणी बिलकुल नाय. पंधरा दिवस बुडवायचं नाय."

बंट्या म्हणाला, "उद्या नदीत उतरायचंय."

"कुठल्या?"

"पवनेत."

रॉकीने त्याच्याकडे असं बघितलं की पुढे विचारायची गरज उरली नाही. "उतरा," तो म्हणाला. "पण मग हात सुजला, पू झाला, चेहरा वाकडा झाला, तर माझ्याकडं यायचं नाय. गॅरंटी तिथंच संपली."

आम्ही जिना उतरलो. पाण्यात उभं राहून दाखवायचं म्हणून टॅटू काढला, आणि टॅटू काढला म्हणून पाण्यात उतरता येत नव्हतं. विलासराव म्हणाले, "बगू सकाळी." ही तुमच्या घराण्याची नियोजनाची पद्धत मला ताईच्या लग्नापासून परिचित आहे.

सकाळी घाटावर सगळे होते. पांढरे कपडे, बाह्या दुमडलेल्या, दंडाला प्लॅस्टिक, आतून तुम्ही वाफाळलेले. ड्रोन वर भुणभुणत होता. पाण्यावर कडेला फेस होता. पोरं एकेक पायरी उतरली आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर रांगेत थांबली. पुढे कुणी जाईना. गुरुजी कलश धरून उभे. त्यांना पुढे दुसरा दहावा होता. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"यजमान, उतरा."

विलासरावांनी फेसाकडे बघितलं, दंडाकडे बघितलं. दंडावर कालचा ताजा, किंचित सुजलेला भाऊ. मग मागे वळून गर्दीत बघितलं.

"पाव्हणं," ते म्हणाले. "तुमीच उतरा."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "जा."

मी पँट दुमडली आणि तुमच्या नदीत उतरलो. कलश हलका होता, दाजी. तुमच्याबद्दल मी एवढीच एक गोष्ट कधी कल्पिली नव्हती. ताई वरच्या पायरीवरून काहीतरी म्हणाली. ड्रोनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, पण दोनच अक्षरं होती. मी थोडा वेळ थांबलो. कुणी ओ दिली नाही. मग मी कलश उपडा केला.

आपला वाद तिथे संपायला पाहिजे होता. जमीन कुणाची, नदी कुणाची, बाहेरचा कोण, याला तुम्ही आता उत्तर देणार नाही, आणि उत्तर न देणाऱ्याशी जिंकणं मला मंजूर नाही. तेव्हा मी तो चालूच धरतो. तो फोटो ताईला पाठवला आहे. तिने अजून उघडलेला नाही.

विसर्जन करणाऱ्याने घरी येऊन आधी अंघोळ करायची असते. आमच्या सोसायटीत नळाला पाणी एक दिवसाआड येतं. काल न येण्याचा दिवस होता. तुमची नदी अंगावरच राहिली.